ब्लिंक रिफ्लेक्स तपासणी: येण्याआधी एवढं वाचा

“डॉक्टरांनी डोळ्याची तपासणी लिहिलीय, चष्म्याचा नंबरही काढून द्याल का?” असं आम्हाला बरेचदा विचारतात. नंबर इथे निघत नाही. ही तपासणी नजरेची नाही, नसांची आहे.

भुवईवर टिचकी बसली की पापण्या आपोआप मिटतात, हाच ब्लिंक रिफ्लेक्स. टिचकीची खबर आत नेते ती पाचवी नस (ट्रायजेमिनल), पापणी मिटवते ती सातवी (फेशियल). मधली जोडणी ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या भागात. टिचकीऐवजी आम्ही भुवईपाशी हलका करंट देतो; रबरबँड चटकन लागावा तसा तो जाणवतो. पडद्यावर दोन लाटा उमटतात. पहिली 10 ते 12 मिलिसेकंदांत, फक्त त्याच बाजूला. दुसरी साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांत, दोन्ही डोळ्यांत. पापणी मिटताना दिसते ती या दुसरीमुळे.

खरी गंमत दोन्ही डोळे एकदम मोजण्यात आहे. समजा, उजव्या बाजूचं तोंड वाकडं झालंय, ‘वारं गेलंय’ म्हणतात तसं. उजवीकडे करंट दिला, तर डावा डोळा वेळेवर मिटतो, उजवा मात्र उशीर करतो. डावीकडे दिला तरी उशीर उजव्यालाच. म्हणजे खबर नीट पोचतेय, दोष उजव्या सातव्या नसेत. याउलट उजवी पाचवी नस बिघडली असेल, तर उजवीकडच्या करंटला दोन्ही डोळे रेंगाळतात आणि डावीकडच्या करंटला दोन्ही वेळेवर मिटतात.

दोन भुवयांच्या मध्ये डॉक्टर बोटाने टकटक करतात, ती याचीच बिनमशीनची बहीण. चार-सहा टिचक्यांनंतर पापण्या सरावतात आणि मिटायच्या थांबतात. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) त्या पुष्कळदा मिटतच राहतात. पण वय झालेल्या धडधाकट माणसातही असं दिसतं, तेव्हा घरी टिचक्या मारून घाबरू नका.

तोंड अचानक वाकडं झालं, हातातलं बळ गेलं किंवा बोलणं अडखळू लागलं, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

उपाशी यायची गरज नाही. चेहरा साबणाने धुऊन या. तेल, क्रीम, काजळ नको, चेहऱ्यावर लावायच्या नोंदीच्या पट्ट्या चिकटत नाहीत. पेसमेकर असेल तर फोनवरच सांगा. झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. जागरण करून येऊ नका: खुर्चीत डुलकी लागली की दुसरी लाट मंदावते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.