लक्षद्वीपवर प्रबंध लिहिताय? संदर्भसूची करायला देण्याआधी हे वाचा

लक्षद्वीपचे क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटे १०. विषय आटोपशीर वाटतो, पण त्याचे कागद तीन-चार शहरांत विखुरलेले आहेत आणि तेही निरनिराळ्या नावांखाली. म्हणून आधी बेट कोणते आणि काळ कोणता, एवढे पक्के करा. त्या काळी कारभार जिथून चाले, तिथले दप्तर शोधायचे. बेळगावचा १९५६ पूर्वीचा सरकारी कागद मुंबईत शोधावा लागतो, तसेच हे.

अमिनी, कडमत, किलतान, चेतलत, बित्रा ही अमीनदिवी बेटे १९५६ पर्यंत मंगळूरच्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होती. कवरत्ती, आगत्ती, आंद्रोत, कल्पेनी आणि मिनिकॉय मलबारकडे. दोन्ही जिल्हे मद्रास इलाख्यातले, त्यामुळे वरच्या पातळीवरचा पत्रव्यवहार चेन्नईच्या तमिळनाडू अभिलेखागारात बघावा. मलबार कलेक्टर कचेरीच्या दप्तरासाठी कोझिकोडचे प्रादेशिक अभिलेखागार. आपल्याकडची मंडळी हमखास फसतात ती इथेच. कारवारचा उत्तर कानडा १८६२ मध्ये मुंबई इलाख्यात गेला, म्हणून ‘कानडा’ दिसले की मुंबईची यादी चाळली जाते. अमीनदिवी तिथे नाही. कानडा जिल्हा फुटून उत्तर-दक्षिण असे दोन होण्याआधीच्या नोंदी तर नुसत्या ‘कॅनरा’ नावाखाली असतात.

‘लक्षद्वीप’ हे अधिकृत नाव १९७३ चे. जुन्या ग्रंथसूचीत ‘लॅकॅडिव्ह’ आणि ‘अमीनदिवी’ असे वेगवेगळे शोधा. मिनिकॉयला तिथले लोक मलिकू म्हणतात, तेही घ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आंद्रोतच्या शेवटी कधी दोन टी, कधी टीएच. एकाच स्पेलिंगवर थांबलात तर बरेच काही निसटते.

सुरुवातीला लोगन यांचे ‘मलबार’ (१८८७), स्टरॉक आणि स्टुअर्ट यांचे ‘साउथ कॅनरा’ (१८९४–९५) आणि एलिस यांचा या बेटांवरचा १९२४ चा वृत्तान्त घ्या. हे सरकारी नजरेने लिहिलेले आहे, हे विसरू नका. मातृवंशीय मुस्लिम समाजाबद्दल मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांचे १९६९ चे पुस्तक टाळून चालणार नाही; ते कल्पेनीवर आहे, सगळ्या बेटांना सरसकट लावू नका.

नोंदीत सर्वांत जास्त गोंधळ पुनर्मुद्रणाचा. लोगन १८८७ चे, हातातली प्रत शंभर वर्षांनंतरची, आणि सूचीत नेमके नवेच वर्ष! मूळ वर्ष आधी, पुनर्मुद्रणाचे कंसात द्या. सरकारी ठरावाला अभिलेखागार, खाते, जी.ओ. (गव्हर्नमेंट ऑर्डर) क्रमांक आणि पूर्ण तारीख हवी. क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होतात, खात्यागणिक वेगळे. नुसत्या क्रमांकावर फाइल निघत नाही.

आमच्याकडे येताना पुस्तकाच्या शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून आणा. मुखपृष्ठाचा चालत नाही, त्यावर बहुधा वर्ष नसते. सूची कोणत्या पद्धतीने हवी ते गाइडना आधी विचारा, नंतर बदलायची म्हटल्यास प्रत्येक नोंद पुन्हा करावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. मराठी मजकूर श्रीलिपीत किंवा कन्नड मजकूर नुडीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर फाइलसोबत छापील प्रतही द्या. युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, ते प्रत समोर ठेवूनच दुरुस्त करता येतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी नोंदींच्या याद्या वेगळ्या ठेवा. एकत्र केल्या तर वर्णक्रम लागत नाही.

बेटांवर जायला परवाना लागतो. त्याचे काम आम्ही करत नाही.