एग-मोर्त: दलदलीत उभं राहिलेलं तटबंदीचं गाव
(दक्षिण फ्रान्स सहलीच्या आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

सहलीचं बुकिंग झालं की चार-पाच दिवसांत जवळपास प्रत्येक घरून एक फोन येतो, की बाकी सगळं समजलं, नीस समजलं, आव्हिन्यों समजलं, पण हे एग-मोर्त काय प्रकरण आहे आणि तिथे अख्खा दिवस आणि वर मुक्काम कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे. बऱ्याच बस तिथे दोन तास थांबतात, तटाचे फोटो, एक आईस्क्रीम आणि चला पुढे. पहिल्या वर्षी आम्हीही तसंच केलं होतं आणि बसमध्ये परत बसताना लोकांचे चेहरे बघून कळलं की कुणालाच काही पोचलेलं नाही. म्हणून हे पत्रक. फोनवर जे पाच मिनिटांत सांगता येत नाही ते इथे लिहिलंय, निघायच्या आधी एकदा वाचाच.

गाव आहे ऱ्होन नदीच्या मुखाजवळ, कामार्ग नावाच्या पाणथळ प्रदेशाच्या पश्चिम कडेला, नीमपासून साधारण 40 किलोमीटर दक्षिणेला. चौफेर सपाट जमीन, खाजण, बोरू, पांढरे घोडे, आणि त्या सपाटीतून एकदम वर आलेला चौकोनी दगडी तट. आपण किल्ला म्हटलं की डोंगर बघतो, चढण बघतो. इथे चढण नाहीच. इथे किल्ल्याचं रक्षण पाणी आणि चिखल करायचे. नावातच ते आहे, लॅटिनमधल्या 'आक्वे मोर्तुए' वरून आलेलं नाव, म्हणजे मेलेलं पाणी, साचलेलं पाणी.

राजाला इथेच बंदर का हवं होतं

तेराव्या शतकात फ्रान्सचा राजा नववा लुई 1244 मध्ये इतका आजारी पडला की वाचेल असं वाटत नव्हतं, त्यात त्याने नवस बोलला की बरा झालो तर जेरुसलेमसाठी धर्मयुद्धावर जाईन. बरा झाला. पण जायचं कुठून? आज आपण फ्रान्सचा नकाशा बघतो तेव्हा मार्सेय फ्रान्समध्ये दिसतं, तेव्हा तसं नव्हतं, मार्सेय प्रोव्हान्सच्या काउंटकडे, माँपेलिए आरागॉनच्या राजाकडे. एवढ्या मोठ्या राजाकडे भूमध्य समुद्रावर स्वतःचं म्हणावं असं बंदरच नव्हतं. मग त्याने प्साल्मोदी नावाच्या मठातल्या साधूंकडून ही दलदलीची जमीन घेतली. चांगली जागा दुसऱ्याकडे, म्हणून ही वाईट जागा.

वाईट म्हणजे खरंच वाईट. डास, हिवताप, गोड्या पाण्याची बोंब, आणि बांधायला दगडसुद्धा नाही, सगळी गाळाची माती न् वाळू, प्रत्येक दगड लांबून पाण्यावाटे आणायचा. अशा ठिकाणी राहायला येणार कोण? म्हणून 1246 मध्ये राजाने सनद काढली, जो इथे येऊन राहील त्याला करांतून सूट. आज एमआयडीसीत कारखाना आणायला सरकार सवलत देतं ना, तोच प्रकार.

25 ऑगस्ट 1248 ला लुई इथून जहाजात बसला, बरोबर राणी मार्गरित होती. इजिप्तमध्ये 1250 साली तो पकडला गेला आणि जबर खंडणी भरून सुटला, त्याच धामधुमीत दामिएत्ताला राणी बाळंत झाली, मुलाचं नाव ठेवलं जाँ त्रिस्ताँ, 'त्रिस्ताँ' म्हणजे दुःखातला. 1270 मध्ये राजा पुन्हा इथूनच निघाला, या वेळी ट्युनिसला, आणि तिथे छावणीत रोगाची साथ आली. आधी तो मुलगा गेला, आणि मग 25 ऑगस्टला राजा स्वतः. पहिल्यांदा निघाला तीच तारीख, बावीस वर्षांनी. पुढे 1297 मध्ये चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केलं. गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे, 1849 चा, प्रादिए नावाच्या शिल्पकाराने केलेला. भोवती कॅफे आहेत, आपण दुपारी तिथेच बसतो.

तट राजाने बघितलाच नाही

गाईड घाईत असला की "संत लुईचा किल्ला" म्हणून मोकळा होतो. लुईच्या काळात झाला तो एक मोठा गोल बुरूज, कॉन्स्तांस बुरूज. बाकीचा तट त्याच्या मुलाने, तिसऱ्या फिलिपने, 1272 मध्ये सुरू केला आणि नातू चौथा फिलिप राज्यावर असताना पुरा झाला. काम दिलं होतं इटलीतल्या जेनोआच्या गुलिएल्मो बोक्कानेग्रा नावाच्या माणसाला, जो एके काळी जेनोआचा कारभारी होता आणि नंतर तिथून हद्दपार झालेला. करार असा की पैसे त्याने घालायचे आणि बदल्यात गावातून राजाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा अर्धा वाटा त्याचा. आपल्याकडचे बीओटीचे रस्ते आठवले ना? साडेसातशे वर्षांपूर्वी हेच. बिचारा दोनेक वर्षांतच वारला, काम दुसऱ्यांनी पुढे नेलं.

तटाचा घेर दीड किलोमीटरच्या थोडा वर आहे आणि वरून सलग फेरी मारता येते, रमतगमत तासभर. वरून आत बघा, रस्ते कसे काटकोनात आखलेले आहेत, आपोआप वाढलेलं गाव असं नसतं, हे आधी आखून मग वसवलेलं आहे. आणि खाली उतरलात की एक काम करा, उन्हाची तिरपी किरणं भिंतीवर पडतात तेव्हा दगडांवर बोट फिरवत चाला. कुठे त्रिकोण, कुठे बाण, कुठे एखादं अक्षर कोरलेलं सापडतं. त्या पाथरवटांच्या खुणा. आपण घडवलेला दगड कोणता हे मुकादमाला कळावं आणि मजुरी मोजून मिळावी म्हणून केलेल्या. राजाचं नाव पुस्तकात आहे, या माणसांचं एवढंच उरलंय. आमच्या एका ग्रुपमधल्या सहावीतल्या मुलाने एका दुपारी वहीत अशा तेवीस खुणा काढून आणल्या होत्या, मोठी माणसं तोवर मॅग्नेट घेत होती.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. बऱ्याच ठिकाणी ऐकाल की तेव्हा समुद्र तटाला लागून होता आणि मग मागे हटला. तसं नव्हतं. समुद्र तेव्हाही लांबच होता, जहाजं खाडीसारख्या तळ्यांतून आणि खोदलेल्या कालव्यांतून गावापर्यंत यायची. आणि हीच दुखरी नस होती, कारण नदीचा गाळ थांबत नाही, कालवा उपसला की भरतो, उपसला की भरतो. 1481 मध्ये प्रोव्हान्स फ्रान्सच्या राजाकडे आलं, म्हणजे मार्सेय आलं, आणि मार्सेय हाताशी असताना या गाळात पैसे कोण ओतणार? 1538 मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा आणि सम्राट पाचवा चार्ल्स, दोघं हाडवैरी, इथे भेटले, तो शेवटचा मोठा थाट म्हणायचा. नंतर बंदर म्हणून गावाचं महत्त्व गेलं.

आमचं मत विचाराल तर तट आज असा अख्खा उभा आहे तो यामुळेच. भरभराटीच्या शहरांनी एकोणिसाव्या शतकात आपापले तट पाडून रुंद रस्ते केले. या गावाला वाढायची निकडच नव्हती, त्यामुळे पाडायचीही नव्हती.

कॉन्स्तांस बुरूज: इथे घाई करू नका

भिंतीची जाडी 6 मीटर. म्हणजे आपल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढं अंतर होईल तेवढी नुसती भिंत. माथ्यावर लोखंडी पिंजऱ्यासारखा दिवा आहे, जहाजांसाठी दीपगृह म्हणून वापरायचे. पुढे हाच बुरूज तुरुंग झाला. 1307 नंतर टेंपलर नावाच्या लढवय्या साधूंना इथे डांबलं. पण आम्ही ज्यासाठी तुम्हाला वर नेतो ती गोष्ट नंतरची आहे.

फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना 1598 च्या फर्मानाने आपल्या पद्धतीने प्रार्थना करायची मोकळीक मिळाली होती, चौदाव्या लुईने 1685 मध्ये ते फर्मानच रद्द केलं. मग लपून प्रार्थना, रानात सभा, पकडले की पुरुष गलबतांवर वल्ही मारायला आणि बायका तुरुंगात. सुरुवातीला या बुरुजात पुरुषही असायचे. 1705 च्या जुलैमध्ये आब्राम माझेल नावाच्या बंडखोराने झरोक्याचा दगड हळूहळू खिळखिळा केला आणि चादरींना गाठी मारून सोळा जणांना घेऊन रात्रीत खाली उतरला. बाहेर पडल्यावर पुढे दलदल, तीही पार केली. त्यानंतर इथे मुख्यतः बायकाच ठेवल्या.

त्यात 1730 मध्ये मारी द्युराँ आली. वय 19. मोठा गुन्हा काय, तर भाऊ प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होता आणि सरकारच्या हाती लागत नव्हता. तो 1732 मध्ये सापडला, माँपेलिएला त्याला फाशी दिलं. ती मात्र आतच. सुटायला काय करायचं होतं? एक वाक्य बोलायचं होतं, की मी माझा पंथ सोडला. बस. ते ती बोलली नाही, आणि 38 वर्षं आत राहिली. 1768 च्या एप्रिलमध्ये सुटली तेव्हा पन्नाशी कधीच उलटून गेली होती. मधल्या काळात बाकीच्या बायकांची पत्रं ती लिहून द्यायची, मदत मागायची, भाचीला पत्रं लिहायची, त्यातली काही आजही जपलेली आहेत.

वरच्या दालनात मधोमध जमिनीला गोल भोक आहे, विहिरीला असतो तसा दगडी काठ असलेलं, दोन्ही दालनांत हवा न् उजेड खेळावा म्हणून. त्या काठावर खरवडून लिहिलेला एक शब्द आहे: 'रेझिस्ते'. म्हणजे टिकून राहा, वाकू नका. तो मारीनेच कोरला असं परंपरेने मानतात. अक्षरं ओबडधोबड आहेत, एकाच दिवसात कोरलेली वाटत नाहीत. कृपया तिथे सेल्फीसाठी रांग लावू नका, दोन मिनिटं शांत उभं राहा आणि भिंतीतल्या झरोक्यांकडे बघा, बाहेरचा केवढा तुकडा दिसतो ते बघा.

मीठ

बंदर गेलं तरी गाव मेलं नाही, कारण मीठ. आसपासची मिठागरं फार जुनी आहेत, आणि फ्रान्समध्ये मिठावरचा कर ही राजाची मोठी कमाई होती. तटाच्या एका बुरुजाला बर्गंडीवाल्यांचा बुरूज म्हणतात, त्याची गोष्ट अशी सांगतात की 1421 च्या सुमारास यादवीत इथली बर्गंडीच्या ड्यूकच्या बाजूची शिबंदी कापली गेली आणि प्रेतं सडू नयेत म्हणून या बुरुजात मीठ घालून थरावर थर रचून ठेवली. दंतकथा म्हणूनच ऐका, पण मिठाच्या गावालाच अशी दंतकथा सुचते.

याच मिठागरांत एक काळी गोष्टही घडली. 1893 च्या ऑगस्टमध्ये मीठ काढायच्या हंगामाला स्थानिक मजूर आणि इटलीहून आलेले मजूर एकत्र लावले होते, उक्तं काम, रणरणतं ऊन, भांडण पेटलं, गावात अफवा पसरली की इटालियनांनी आपली माणसं मारली, आणि 17 तारखेला जमावाने इटालियन मजुरांना शोधून शोधून मारलं. सरकारी आकडा 8 मृतांचा. खटला दूर आँगुलेमला चालला आणि सगळे आरोपी सुटले. ब्रोशरमध्ये सहसा हे छापत नाहीत. आम्ही मुद्दाम छापतो, कारण पोटासाठी दुसऱ्या मुलखात जाणारी माणसं आपल्या घराघरात आहेत.

आता मिठागरं बघायला आपण छोट्या ट्रेनने जातो. पाणी गुलाबी दिसतं, खरोखर गुलाबी, खारट पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालामुळे. रोहित पक्षीही (फ्लेमिंगो हो) त्याच अन्नसाखळीमुळे गुलाबी. काढलेल्या मिठाचे डोंगर इतके उंच की त्यावर चढून तट बघायचा. गेल्या खेपेला उरणच्या एक काकू होत्या, त्यांच्या वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. गाईड फ्रेंच-इंग्लिशमध्ये सांगत होता आणि काकू आम्हाला मराठीत त्याच्या आधीच सांगत होत्या, की हे पाणी तापवायचे कप्पे, ते पुढचे मीठ पिकवायचे, बांध फुटला की सगळा हंगाम गेला. फक्त आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी उरकायचं आणि यांच्याकडे उन्हाळा संपता संपता, शरदातला पाऊस यायच्या आत. मग गाईडने पाण्यावर सायीसारखं धरणारं नाजूक मीठ, त्याला ते 'मिठाचं फूल' म्हणतात, चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकूंनी ते दोन बोटांत चुरलं, जिभेला लावलं, आणि म्हणाल्या, "ओलसर आहे अजून, पण गोड आहे." मीठ ओळखणारी माणसं चांगल्या मिठाला गोड म्हणतात हे त्या दिवशी आम्हालाही कळलं.

जाताना लक्षात ठेवा

तटावर सावली अजिबात नाही, म्हणून आपण सकाळी दार उघडताच वर जातो. टोपी, पाण्याची बाटली, आणि पकडीचे बूट, पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा सुटला तर ओढणी, स्कार्फ आत खोचून घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी आधी सांगा, बुरुजाचा जिना गोल आणि अरुंद आहे, त्यांच्यासाठी खाली चौकात बसायची सोय करतो आणि आमच्यातलं एक जण सोबत थांबतं. डासांचं क्रीम विसरू नका, संध्याकाळी लागतंच. शाकाहारी मंडळींनी बेकरीत फुगास मागा, संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असलेली गोड पावासारखी वस्तू आहे, अंडं-दूध चालत नसेल तर आम्हाला विचारून घ्या.

आणि रात्रीचं जेवण आपण मुद्दाम लवकर आटोपतो. दिवसाच्या बस गेलेल्या असतात, दुकानं मिटलेली असतात. दक्षिण दरवाज्यातून बाहेर पडून पन्नास-साठ पावलं चालायचं आणि वळून उभं राहायचं, अंधार पडेपर्यंत. तेवढ्यासाठी मुक्काम आहे.