कान दुखतोय पण कानात काहीच नाही? मग जबडा बघा

आमच्याकडे येणारे बरेच पेशंट आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन, मग दाढेचा एक्सरे काढून, दोन्हीकडे "सगळं नॉर्मल आहे" ऐकून आलेले असतात. दुखणं मात्र खरंच असतं, मनाचे खेळ नव्हेत.

एक करून बघा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा-मिटा. बोटाखाली हलतंय ना, तोच जबड्याचा सांधा. तो नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, तोंड मोठं उघडलं की पुढे सरकतोसुद्धा, आणि मध्ये एक छोटी चकती असते ती जागची हलली की कट्ट वाजतं. नुसतं वाजतंय, दुखत नाही, आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातायत, तर बहुतेक वेळा काही ट्रीटमेंट लागत नाही, घाबरू नका.

दुखणं बहुतेकदा स्नायूंचं असतं. आत्ता हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात टेकलेत का? टेकलेत ना! चावताना, गिळताना टेकतात तेवढं पुरे, एरवी ओठ मिटलेले आणि दातांत थोडी फट हवी. पण कामाच्या टेन्शनमध्ये, गाडी चालवताना, झोपेत आपण दात आवळून धरतो, गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंना सुट्टीच मिळत नाही आणि मग सकाळी उठल्यावर डोकं धरतं, कान ठणकतो, दाढ दुखतेय असं वाटतं.

काही आठवडे मऊ खा, च्युइंगगम बंद, 10-15 मिनिटं गरम शेक, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. बऱ्याच जणांना एवढ्यानेच उतार पडतो. नाईट गार्डने (झोपताना दातांवर बसवायच्या प्लॅस्टिकच्या कव्हरने) दातांची झीज वाचते, आवळायची सवय जात नाही हे आधीच सांगतो. आणि पहिल्याच भेटीत कुणी मशीनने दात झिजवून चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत) बदलू म्हटलं तर थांबा, झिजवलेला दात परत येत नाही.

पन्नाशीनंतर कानशिलात नवीनच दुखायला लागलं, चावताना जबडा भरून येतो, दिसायला अंधुक झालं, तर आमची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, नजर जाऊ शकते. जबड्यासोबत छातीत दडपण आणि घाम असेल तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. आणि तोंड उघडंच राहून मिटत नसेल तर घरी जोर लावू नका, आहात तसे या.