ओळ कवीने तोडली की कागदाने दुमडली?

ही दोन ओळींची कविता समजा:

पाऊस थांबल्यावर ती परत आली
नाही

कवीने ओळ इथे तोडली असेल, तर पहिली ओळ संपताना ती क्षणभर दारात येऊन उभी राहते. नजर खाली उतरते आणि दार रिकामं होतं. पण मूळ ओळ सलग असेल आणि रुंदी न पुरल्यामुळे शेवटचा शब्द खाली गेला असेल, तर हा क्षण कवितेत नाहीच. ती आली नाही, एवढंच साधं विधान आहे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून दुमडलेला एक शब्दही आपल्याकडे अर्थ फिरवू शकतो.

जुन्या पोथ्यांना ही अडचण नव्हती. त्यांत मजकूर या समासापासून त्या समासापर्यंत सलग लिहीत. चरण कुठे संपला हे दंड, म्हणजे उभी रेघ, सांगे आणि ओवीतलं यमक कानाला सांगे. ओळ कुठेही दुमडो, कविता शाबूत राहायची. मुक्तछंदाने यमक सोडलं, दंडही गेले, आणि सगळा भार ओळीच्या टोकावर आला. तेव्हापासून पान लावणारा माणूस कवितेच्या अर्थात सहभागी आहे, असं मी मानतो.

अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनच्या लांबलचक ओळींना 1855च्या ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ या त्याच्या संग्रहात रुंद पान मिळालं होतं. 1856ची आवृत्ती खिशात मावेल एवढी छोटी निघाली आणि त्याच ओळींना पुन्हा पुन्हा दुमडावं लागलं. अशा वेळी छपाईत एक चांगली रीत आहे: उरलेला तुकडा खालच्या ओळीत बराच आत सरकवून लावायचा. वाचकाला कळतं की ही नवी ओळ नाही, इथे थांबायचं नाही.

म्हणूनच कवितेची प्रत्येक ओळ पानाच्या मधोमध लावू नये असं मला कळकळीने वाटतं. दिवाळी अंकांत, निमंत्रणपत्रिकांवर ती हौसेने तशी लावतात. मग दुमडलेला तुकडाही मध्येच येऊन बसतो, अगदी स्वतंत्र ओळीसारखा, आणि वाचक तिथे नसलेला श्वास घेतो. फोनवर अक्षर मोठं केलं की हेच होतं. शंका आली तर फोन आडवा धरून पाहा: दुमडलेली ओळ जागा मिळताच सलग होते, कवीने तोडलेली तिथेच राहते.