ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको ते सॉफ्टवेअर कसं रोखायचं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

‘अॅडमिनचा पासवर्ड कुणाकडेच नाही, मग कोण काय टाकणार?’ पुण्यातल्या छोट्या ऑफिसांत हे मला हमखास ऐकायला मिळतं. पण बरेच प्रोग्रॅम युजरच्या स्वतःच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये बसतात आणि तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही. त्यासाठी सर्व्हरवरून ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एकाच जागेवरून सेटिंग द्यायची विंडोजची सोय) अॅपलॉकर लावावं लागतं. कुठले प्रोग्रॅम चालू द्यायचे, हे अॅपलॉकर नियमांनी ठरवतं.

पात्रता: मशीन डोमेनला, म्हणजे सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कला, जोडलेलं हवं. विंडोज होम जोडता येत नाही, त्यामुळे किमान प्रो लागेल. सर्व मशीनवर अॅप्लिकेशन आयडेंटिटी ही सर्व्हिस चालू ठेवा, नाहीतर नियम लागूच होत नाहीत.

कागदपत्रं: मालकांचं लेटरहेडवरचं सही-शिक्क्याचं पत्र, मशीनची यादी, लायसन्सची बिलं आणि विभागवार सॉफ्टवेअरची यादी. ही शेवटची यादी प्रत्येकाच्या टेबलाशी बसून करा. सदाशिव पेठेतल्या एका ऑफिसात मी ती फोनवर विचारून केली आणि नियम थेट लागू केले. २० तारखेला जीएसटी रिटर्न भरायला अकाउंट्सच्या ताई टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह) लावून बसल्या, तर डिजिटल सहीचं सॉफ्टवेअरच उघडेना. ते महिन्यातून एकदाच लागायचं, म्हणून कुणाला आठवलंच नव्हतं. त्यांचा रडवेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून आता मी आधी पूर्ण महिनाभर अॅपलॉकर ‘ऑडिट ओन्ली’, म्हणजे फक्त नोंद करण्यावर, ठेवतो. यात काहीच अडत नाही. जे अडलं असतं त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ८००३ क्रमांकाने होते. डीफॉल्ट नियम आधी तयार करा, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमधलं सगळं चालत राहतं. बाकीच्या प्रोग्रॅमना शक्यतो पब्लिशरचा, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या डिजिटल सहीवर चालणारा, नियम द्या. हॅशचा (फाइलच्या ठशाचा) नियम दिला, तर अपडेट येऊन फाइल बदलली की तो निकामी होतो. खात्री पटली की ‘एन्फोर्स’ करा, म्हणजे नियम प्रत्यक्ष लागू करा. यानंतर अडलेल्या प्रोग्रॅमची नोंद ८००४ क्रमांकाने दिसेल. बदल मशीनपर्यंत पोचायला साधारण ९० मिनिटं ते २ तास लागतात.

एखादं सॉफ्टवेअर हवंच असेल, तर कर्मचाऱ्याने एका पानाचा अर्ज द्यावा: नाव, आवृत्ती, लायसन्स, कशासाठी, किती तारखेपर्यंत आणि खाली विभागप्रमुखांची सही. उत्तर त्याच दिवशी द्या. माणसाचं काम खोळंबलेलं असतं, त्याला ताटकळत ठेवू नका. नकार असेल तर कारण अर्जावरच लिहा. मंजुरी असेल तर नियम जोडा आणि मुदतीची तारीख उलटली की काढून टाका.