मुंबईच्या थंडीत जुन्या ट्रॅक्टरला कुठलं ऑइल?

मोठ्या हिरवळीवर गवत कापणारा छोटा ट्रॅक्टर जुना आणि परदेशी बनावटीचा असला, की त्याच्या मॅन्युअलमध्ये हमखास एक तक्ता सापडतो. कुठल्या तापमानाला कुठलं इंजिन ऑइल, याचा. त्यात हिवाळ्याच्या रकान्यात ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. जानेवारी लागला, सकाळी अंगावर स्वेटर चढला, की तो रकाना वाचून पातळ ऑइल भरलं जातं. मुंबईत हे चुकतं, कारण तो हिवाळा आपला नाही.

तक्ता नीट वाचला तर त्यात अंश दिलेले दिसतात. एअर-कूल्ड म्हणजे हवेने थंड होणाऱ्या, एका सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनांसाठी साधारण सूचना अशी असते: ४ अंश सेल्सिअसच्या वर साधं, म्हणजे एकाच आकड्याचं, ३० ग्रेडचं ऑइल. त्याखाली ते वापरलं तर इंजिन सुरू व्हायला त्रास. १०डब्ल्यू-३० चालेल, पण २७ अंशांच्या वर ऑइल जास्त जळेल. आता मुंबईचा पारा बघा. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२चं. म्हणजे नोंदीतल्या सगळ्यांत गारठलेल्या पहाटेसुद्धा ३० ग्रेड बिनधास्त चाललं असतं. आणि दुपारी २७ अंश तर आपण भर जानेवारीतही ओलांडतो.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ कळला की गोंधळ संपतो. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा सांगतो, कडाक्याच्या थंडीत ऑइल किती घट्ट होतं. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. मुंबईत या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारणच नाही. आपल्या कामाचा तो दुसरा आकडा. ऑइल १०० अंशांना तापवून मोजलेल्या दाटपणावरून तो ठरतो: ३० ग्रेडसाठी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ४०साठी १२.५ ते १६.३.

मल्टिग्रेड, म्हणजे १५डब्ल्यू-४०सारखं दोन आकड्यांचं ऑइल गार असताना पातळ आणि गरम झाल्यावर दाट होतं, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. प्रत्येक ऑइल तापलं की पातळच होतं. साधं ३० ग्रेडचं ऑइल २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की दाटपणा पंचवीस पटींच्या घरात उतरतो. मल्टिग्रेडमध्ये पॉलिमरचे लांब रेणू मिसळलेले असतात. गारव्यात ते गुंडाळीसारखे आक्रसून बसतात, उष्णतेत पसरतात आणि ही घसरण कमी करतात. पण इंजिनात दोन भागांमध्ये चिरडून चिरडून ते तुटतात, आणि तासांगणिक ऑइलचा तो दुसरा आकडा खाली येत जातो.

जुन्या छोट्या इंजिनात बरेचदा ऑइल पंपच नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा एक तुकडा असतो. प्रत्येक फेऱ्याला तो खालच्या ऑइलमध्ये बुडतो आणि ते वर उडवतो. सिलिंडरची भिंत, कॅमशाफ्ट, बेअरिंग, सगळ्यांना मिळतं ते हेच शिंतोड्यांचं ऑइल. म्हणून पातळी थोडी जरी उतरली किंवा यंत्र उतारावर फार तिरकं चाललं, की पळी कोरडी फिरते. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तर गार इंजिनात ते नीट उडत नाही. आणि फार पातळ असेल तर झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून वर चढून जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

तेव्हा मुंबईसाठी निवड सोपी आहे आणि ती बाराही महिने एकच. पेट्रोल इंजिन धडधाकट असेल तर साधं ३० ग्रेड. ते दुकानात मिळालं नाही तर १५डब्ल्यू-४०. इंजिन ऑइल खायला लागलं असेल तर २०डब्ल्यू-४०. २०डब्ल्यू-५०ने धूर कमी होतो खरा, पण रिंग झिजलेलीच राहते, दुखणं फक्त झाकलं जातं. छोटं डिझेल इंजिन असेल तर मॅन्युअल बघून डिझेलसाठीचं १५डब्ल्यू-४० घ्यावं. टू-स्ट्रोकचं टू-टी ऑइल यात चुकूनही ओतू नये. गिअरबॉक्सच्या ८०डब्ल्यू-९०चे आकडे मोठे दिसतात, पण ती मोजपट्टी निराळी. ते इंजिनाच्या ४०-५० ग्रेडइतकंच दाट असतं, आणि इंजिनात घालायचं नसतं.

खरी काळजी थंडीची नाही, दमट हवेची आणि अर्धवट तापलेल्या इंजिनाची घ्यायला हवी. दहा मिनिटं गवत कापून यंत्र बंद केलं, असं रोज होत राहिलं तर जळणातून तयार झालेल्या वाफेचं आत पाणी होतं आणि ते ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची काडी) किंवा ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर ते पाणीच. पाऊणएक तास जोर लावून चालवलं तर थोडं पाणी उडून जातं. रंग तरीही तसाच राहिला तर ऑइल बदलावं.

दुसरी खूण जास्त गंभीर आहे. वरून काही न घालता डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. काडी नाकाशी धरा, पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि टाकीतलं पेट्रोल रातोरात इंजिनात झिरपतंय. असं ऑइल पाण्यासारखं होतं, त्याने बेअरिंग खरवडलं जातं. नीडल बदला, काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करा, आणि ते ऑइल टाकून दिल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

ऑइल बदलण्याचा हिशेब तासांवर ठेवावा: दर ५० तासांनी, आणि धुळीत किंवा उन्हात सलग काम असेल तर २५ तासांनी. पावसाळाभर गवत कापून झाल्यावर, ऑक्टोबरात एकदा नक्की. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे गाळ ऑइलसोबत निघतो. मग बंद करून स्पार्क प्लगची वायर काढा. ड्रेन बोल्ट खोलून दहा मिनिटं निथळू द्या. बोल्टचा वॉशर चपटा झाला असेल तर नवा घाला. या इंजिनांत साधारण १.४ लिटर मावतं, पण सगळं एकदम ओतू नका. आधी सव्वा लिटर घाला, दोन मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून बघा, मग थोडं थोडं वाढवा. काडी आटे फिरवून बसवून मोजायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये असतं, आणि त्यातल्या चुकीने पातळी खाली-वर होते. जास्त भरलं तर फिरता क्रँकशाफ्ट त्याचा फेस करतो, तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, हवेच्या फिल्टरपर्यंत जातो आणि धूर सुरू होतो.

सिलिंडरभोवतीच्या पत्र्यांच्या फटींत अडकलेलं वाळकं गवतही याच वेळी ब्रशने काढून घ्या. हवा थांबली की ऑइल भाजतं, आणि साधारणपणे दर १० अंशांच्या वाढीला ते दुप्पट वेगाने बिघडतं. कितीही महाग डबा आणलात तरी हा नियम बदलत नाही. मग वायर जोडून दोन मिनिटं चालवा, ड्रेन बोल्टखाली कागद ठेवून थेंब पडतोय का ते बघा, बंद करून पातळी पुन्हा तपासा आणि तारीख व तासांचा आकडा बॉनेटच्या आत मार्करने लिहून ठेवा.