आय फाइव्ह की रायझन? या प्रश्नामागची तीस वर्षं

ठाणे स्टेशनजवळच्या एखाद्या दुकानात असेम्बल्ड पीसीचं कोटेशन मागितलं, की मध्यम बजेटमध्ये दोन प्रोसेसरांची नावं शेजारीशेजारी येऊ शकतात: इंटेलचा कोअर आय फाइव्ह 12400 आणि एएमडीचा रायझन 5 5600. दोघांतही सहा कोअर (गणितं करणारे स्वतंत्र भाग), बारा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे). दोघांचाही कमाल वेग 4.4 गिगाहर्ट्झ, दोघांच्याही माहितीपत्रकात विजेचा आकडा 65 वॅट. तरीही ‘यातला फास्ट कुठला?’ असं विचारलं, तर जाणकार दुकानदार उलट विचारतो, ‘काम काय करणार?’ तो उत्तर टाळत नसतो. हा प्रतिप्रश्न विचारायला हा धंदा बऱ्याच ठेचा खाऊन शिकला आहे.

नव्वदच्या दशकात ठाण्याचा माणूस सुटे भाग घ्यायला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरे आणि लॅमिंग्टन रोड धुंडाळे. विचारायचा आकडा एकच असे, मेगाहर्ट्झ: प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला किती दशलक्ष ठोके देतं ते (हजार मेगाहर्ट्झ म्हणजे एक गिगाहर्ट्झ). एकाच घराण्यातल्या दोन प्रोसेसरांपुरता तो आकडा बऱ्यापैकी खरा होता. गोची झाली ती वेगळ्या रचनेचे प्रोसेसर बाजारात आल्यावर. 1996 मध्ये सायरिक्स, एएमडी वगैरे कंपन्यांनी ‘पीआर रेटिंग’ आणलं, म्हणजे मेगाहर्ट्झऐवजी कामगिरीची तुलना सांगणारा आकडा. सायरिक्सच्या एका प्रोसेसरवर 166 लिहिलेलं असे, पण तो प्रत्यक्षात 133 मेगाहर्ट्झवर चाले. कंपनीचं म्हणणं असं, की हा कमी मेगाहर्ट्झमध्येच इंटेलच्या 166 मेगाहर्ट्झच्या पेंटियमइतकं काम उरकतो. ऑफिसच्या कामांवर बेतलेल्या विनस्टोन या चाचणीपुरतं ते पटण्यासारखं होतं. त्याच वर्षी ‘क्वेक’ हा गेम आला. त्याला अपूर्णांकांची भरमसाट गणितं लागत आणि सायरिक्सची नेमकी तीच बाजू लंगडी होती. तोच प्रोसेसर पत्रं टाईप करायला चपळ आणि गेमला अडखळणारा! एका आकड्यात दोन्ही मावत नाही हे सामान्य ग्राहकाला तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

तरी शर्यत थांबली नाही. 6 मार्च 2000 रोजी एएमडीने 1 गिगाहर्ट्झचा अॅथलॉन जाहीर केला, दोनच दिवसांनी इंटेलने त्याच वेगाचा पेंटियम थ्री. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेला पेंटियम फोर तर जणू गिगाहर्ट्झचा आकडा फुगवण्यासाठीच घडवला होता. सूचना पार पाडण्याचं काम त्यात वीस टप्प्यांत चिरलेलं होतं. टप्पा लहान म्हणून घड्याळ जोरात पळवता येई, पण पुढे कुठल्या वाटेने जायचं याचा अंदाज चुकला की अर्धवट झालेलं सगळं काम टाकून पुन्हा सुरुवात करावी लागे. एएमडीने 2001 मध्ये 1.53 गिगाहर्ट्झच्या अॅथलॉन एक्सपीला ‘1800+’ असं नाव दिलं. कंपनी अधिकृतपणे तुलना स्वतःच्याच जुन्या अॅथलॉनशी करत होती, पण गिऱ्हाईक समजायचं ते समजलंच: हा 1.8 गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरच्या तोडीचा.

माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात बोधक वर्ष 2004. टप्पे 31 वर नेऊनही उष्णतेपुढे इंटेलचं काही चालेना. वेग 3.8 गिगाहर्ट्झला अडकला आणि ऑक्टोबरात 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द झाला. दोन वर्षांनी इंटेलच्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या कोअर टू ड्युओने त्या जुन्या पिढीला सहज मागे टाकलं. गिगाहर्ट्झ बघून प्रोसेसर निवडण्याचे दिवस तिथे संपले.

मग जागा घेतली कोअरच्या संख्येने, आणि तोच खेळ नव्याने सुरू झाला. 2011 चा एएमडी एफएक्स आठ कोअरचा म्हणून विकला गेला, पण त्यात दोन-दोन कोअर अपूर्णांकांची गणितं करणारा एकच भाग वाटून घेत. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि 2019 मध्ये 1.21 कोटी डॉलरवर मिटलं. चाचण्याही वादातून सुटल्या नाहीत. सिसमार्क ही चाचणी इंटेलला झुकतं माप देते अशी तक्रार करत एएमडी 2011 मध्ये ती बनवणाऱ्या संघटनेतून बाहेर पडली.

कामानुसार उत्तर किती उलटतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 2022 मधलं. रायझन 7 5800एक्स3डीचा कमाल वेग साध्या 5800एक्सपेक्षा 0.2 गिगाहर्ट्झने कमी, आणि थ्रीडी चित्र रेंडर करणाऱ्या सिनेबेंचमध्ये गुणही कमी. पण त्याच्या डोक्यावर कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच झटपट स्मृतीचा, जादा थर बसवून एल3 कॅश (त्या स्मृतीचा सगळ्यात मोठा स्तर) 32 वरून 96 एमबी केलेली आहे. गेमला लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता हाताशीच मिळते, म्हणून बहुतेक गेममध्ये तोच पुढे.

सुरुवातीच्या जोडीलाही हेच लागू. 5600 मध्ये एल3 कॅश 32 एमबी, 12400 मध्ये 18. मात्र 12400 मध्ये ग्राफिक्स आतच आहे, 5600 ला वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. नौपाड्यात लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याचे किंवा वाशीच्या सीए ऑफिसचे ते पैसे वाचतात. फक्त नावापुढे ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही, हे बिल करण्याआधी बघावं.

राहिला तो 65 वॅटचा आकडा. इंटेलच्याच माहितीनुसार 12400 टर्बोमध्ये, म्हणजे वेग तात्पुरता वाढवलेला असताना, 117 वॅटपर्यंत जाऊ शकतो. किती वेळ, ते मदरबोर्ड आणि कूलरवर ठरतं. म्हणून 2020 च्या सिनेबेंच आर23 मध्ये चाचणी किमान दहा मिनिटं चालवणं हाच नेहमीचा पर्याय ठेवला गेला, कारण पहिल्या मिनिटाला दिसणारा वेग यंत्र तापल्यावर टिकतोच असं नाही. चाचण्यांचे गुण बहुधा थंड खोलीत काढलेले असतात. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत पारा 34-35 अंशांवर असतो आणि कूलरला तीच हवा मिळते. पीसी ताब्यात घेताना कॅबिनेटचं झाकण लावून ही दहा मिनिटांची चाचणी दुकानातच चालवून मागावी, आणि गुणांबरोबर तापमानही लिहून घ्यावं.